मुशीतला श्वास

गोदामात आत शिरायला जागा उरली नव्हती, म्हणून उशिरा आलेले लोक बाहेरून खिडक्यांच्या गजांना लटकले होते. आत मधोमध एका लोखंडी टेबलावर गॅसची छोटी भट्टी होती, भट्टीत वितळलेल्या धातूची मूस आणि शेजारी पाण्याने भरलेली काचेची पेटी. या सगळ्यामागे श्वासबाबा उभा होता. पांढरे कपडे, पांढरी दाढी आणि आवाज इतका मऊ, की खिसा कापला जात असतानाही माणसाला आपल्याला कोणी कुरवाळतंय असंच वाटावं.

"धातूला नाक असतं," बाबा सांगत होता. "धातू हुंगतो. माणूस खोटं बोलेल, डॉक्टर खोटं बोलेल, डॉक्टरचं यंत्र तर पगारावरच खोटं बोलतं. पण धातू कुणाचा नोकर नाही. त्याच्यावर श्वास सोडा. छाती हलकी असेल तर तो हलका होईल, छातीत विष असेल तर तो जड होईल. आणि छातीत विष कशानं साठतं, माहीत आहे? रोगानं नाही, बाळांनो. गोळ्यांनी."

गर्दीतून एक लांबलचक 'अहाहा' उमटला. दाराजवळ भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ताईच्या कपाळाला आठी पडली. ती वस्तीतल्या फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्याच्या, प्रयोगशाळेत काम करायची. ओतलेल्या धातूत काय किती आहे ते तपासून तो पास की नापास हे ठरवणं हे तिचं काम, आणि लहानथोर सगळे तिला ताई म्हणत. आज ती आली होती ती धाकट्या भावासाठी. तो पुढच्या बाकावर, बायकोच्या शेजारी, पाठीचा कणा ताठ करून बसला होता. त्याला क्षय झाला होता. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू होत्या, खोकला कमी होत होता, पण उपचाराचे बरेच महिने अजून शिल्लक होते आणि त्या गोळ्यांनी तो मेटाकुटीला आला होता. मळमळ, तोंडाला चव नाही, जिना चढला की डोळ्यांपुढे अंधारी.

पहिला नंबर टपालवाल्याचा लागला. तोही क्षयाचाच रोगी. दारात चेल्यानं प्रत्येकापुढे एक वेताची टोपली धरली होती. ज्यानं त्यानं आपली औषधं तीत टाकायची. टपालवाल्यानं टाकली नव्हती. नर्सबाई रोज घरी येऊन समोर गिळायला लावते, मी काय करू, असं तो ओशाळून म्हणाला होता. चेल्यानं मान डोलावून त्याला आत सोडलं. आता टपालवाल्यानं लांब नळीतून मुशीवर फुंकर मारली, चेल्यानं करडी भुकटी टाकून ढवळलं, धातूनं जरा गुरगुर केली, बुडबुडे आले, फुटले आणि धातू होता तिथे बसला. थंड झालेली चकती पाण्यात सोडली ती दगडासारखी तळाला गेली. बाबानं डोळे मिटले. "गोळ्या," तो हळहळून म्हणाला. टपालवाल्याची बायको तिथेच रडायला लागली.

मग धाकटा उठला. त्यानं दारातच गोळ्यांचं अख्खं पाकीट टोपलीत रिकामं केलं होतं. या वेळी चेल्यानं आधी एका डबीतून रुपेरी खडे काढून मुशीत टाकले. "श्रद्धेचे खडे," बाबा म्हणाला, आणि चेला सळईनं ढवळत असताना त्यानं श्वासावर चांगलं ऐसपैस प्रवचन दिलं. प्रवचन संपल्यावर करडी भुकटी पडली, धाकट्यानं फुंकर मारली, आणि मुशीतला धातू पावासारखा फुगत फुगत काठाच्या वर आला. लोक उभे राहिले. गार झालेला तो गोळा करवतीनं कापून त्याची चकती पाण्यात टाकली. ती बुडाली, उसळली आणि तरंगू लागली.

नंतर सगळ्यांच्या माना आपोआप एकाच माणसाकडे वळल्या. तो माणूस म्हणजे भट्टीतात्या. फाउंड्रीतला सगळ्यात जुना भट्टीवाला. वितळलेल्या धातूच्या नुसत्या रंगावरून त्याची उष्णता सांगायचा. तात्या पुढे गेला. त्यानं पाण्यातली चकती उचलली, नखानं खरवडली, दाताखाली धरून बघितली.

"ॲल्युमिनियम आहे," तो म्हणाला. "शंभर टक्के."

"ॲल्युमिनियम तरंगतो का हो तात्या?" मागून कोणीतरी विचारलं.

"माझ्या जन्मात तरी नाही."

झालं. बाबाच्या हजार शब्दांनी जे झालं नसतं ते तात्याच्या या चार शब्दांनी झालं. त्या सगळ्या वस्तीची रोजीरोटी धातूवर होती. तिथे अंगारा चालला नसता, पाण्यावर चालणारा माणूसही लोकांनी खाली फळी शोधून काढून पकडला असता. पण धातू त्यांना ठाऊक होता, आणि नेमकं तेच त्यांना नडलं. फाउंड्रीत बुडबुडा म्हणजे हाडवैरी. ओतलेल्या भागात हवेचं एक भोक सापडलं तर अख्खा भाग भंगारात जातो. धातूतून वायू हुसकून लावण्यात तिथल्या दोन पिढ्यांचे हात भाजले होते. कोणी मुद्दाम, जीव ओतून, धातूत बुडबुडे भरेल हे त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात येणं शक्य नव्हतं. खरं सांगायचं तर ताईच्याही नाही.

घरी परतताना ती भावाला म्हणाली, "लबाडी आहे ही. उद्या दवाखान्यात जाऊन नवीन गोळ्या घेऊन ये."

"कसली लबाडी?"

"काहीतरी आहे."

"काहीतरी म्हणजे काय?" धाकटा थांबला. चकती त्यानं रुमालात गुंडाळून छातीशी धरली होती. "तू रोज धातू तपासतेस. सांग ना मला, हा का तरंगला?"

ताईनं रुमाल सोडवून चकती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

"माहीत नाही ना? मग मला बरं होऊ दे की, ताई. तुझं काय जातंय?"

त्यानंतरचे काही आठवडे त्याच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले, हे मान्य करायला हवं. गोळ्या बंद झाल्या तशी मळमळ थांबली. भूक लागायला लागली. तो दोन्ही वेळा पोटभर जेवायचा, संध्याकाळी बायकोबरोबर फिरायला जायचा, आणि चकती उशाशी घेऊन झोपायचा. ताई भेटायला गेली की मुद्दाम तिच्यासमोर आणखी एक वाढून घ्यायचा. "बघ," तो म्हणायचा, "तुझ्या दवाखान्यानं मला जेवू दिलं होतं का?" ताई म्हणायची, मळमळ गोळ्यांची होती, ती गोळ्यांबरोबर गेली, रोग आतच आहे. हे ती पहिल्यांदा समजावून सांगायची, दुसऱ्यांदा चिडून, आणि तिसऱ्यांदा सांगायला लागली की धाकटा उठून दुसऱ्या खोलीत जायचा. नर्सबाई दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा त्यानं दार उघडलं नाही.

मग खोकला परत आला.

बाबाकडे त्याचंही उत्तर तयार होतं. "रोग घर सोडून जाताना भांडी आदळत जातो," तो म्हणाला. भाषेच्या बाबतीत बाबा कंजूष नव्हता. वजन उतरायला लागलं तेव्हा, हलकं होणं हेच तर श्वासाचं लक्षण, असं त्यानं सांगितलं. रात्रीचा घाम म्हणजे धुतलं जाणं. ताईच्या भावजयीनं हे सगळं तिला सांगितलं तेव्हा तिचा आवाज सपाट होता, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा.

"तुला पटतं?" ताईनं विचारलं.

भावजयीनं कनवटीतून कागदाची पुडी काढली आणि ताईच्या हातात ठेवली. "उशी झटकताना चकतीचा कोपरा मोडला, वन्सं. त्यांना सांगू नका."

ताईनं पुडीकडे आणि मग तिच्याकडे बघितलं. तो कोपरा आपोआप मोडलेला नव्हता. त्यावर सांडशीचे दात उमटले होते.

दुसऱ्या दिवशी ताई टपालवाल्याच्या घरी गेली. त्याची बुडालेली चकती माळ्यावर टाकून दिलेली होती. बायकोनं ती सुटकेचा निःश्वास टाकत दिली. टपालवाला खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. चकती बुडाल्यापासून त्यानं जगायची आशाच सोडली होती, पण नर्सबाईनं त्याला सोडला नव्हता. ती रोज यायची, त्याला उठवून बसवायची, गोळ्या गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायची. "मरायचं तर मर," ती म्हणायची, "पण डोस पुरा करून मर." ताईच्या लक्षात आलं की मरायला टेकलेल्या या माणसाचे गाल भरले होते.

प्रयोगशाळेत तिनं दोन्ही तुकडे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राखाली धरले. आपण कुठल्या अद्भुताला सामोरं जातोय असं तिला वाटलं नाही. तिला फक्त भीती वाटत होती, की यंत्रही बाबाच्याच बाजूनं बोलेल. दोन्ही तुकड्यांत ॲल्युमिनियम होतं. दोन्हींत थोडं टायटॅनियम होतं, जे वस्तीत मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या भंगारात कधीच नसायचं. म्हणजे ते करड्या भुकटीतून आलं. फरक एकच होता. धाकट्याच्या तुकड्यात कॅल्शियम होतं. टपालवाल्याच्या तुकड्यात ते नावालाही नव्हतं.

श्रद्धेचे खडे, तिच्या मनात आलं. पण खड्यांनी धातू तरंगतो कसा, हे काही तिला उलगडेना. शेवटी तिनं तिच्या कॉलेजच्या जुन्या सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सर पलीकडून हसले, आणि ते हसणं तिला फार लागलं.

"अगं, फेस आहे तो. धातूचा फेस," ते म्हणाले. "कारखान्यात मुद्दाम करतात. वजनाला हलका, धक्का शोषून घेतो, आवाज अडवतो. तुमची ती करडी भुकटी म्हणजे टायटॅनियम हायड्राइड. गरम धातूत पडलं की त्यातून हायड्रोजन सुटतो आणि बुडबुडे होतात. पण नुसत्या वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये बुडबुडा टिकत नाही, तो पाण्यासारखा पातळ असतो. म्हणून आधी कॅल्शियम घालून ढवळायचं. धातू दाट होतो, मग तो बुडबुडा धरून ठेवतो. सैल पिठाचा पाव फुगत नाही, तसंच."

"म्हणजे ढवळायला वेळ लागतो?"

"लागतो की. दहा मिनिटं तरी."

"त्या दहा मिनिटांत तो प्रवचन करतो," ताई म्हणाली.

आयुष्यभर ती धातूत काय काय मिसळलं की काय होतं हेच मोजत आली होती. सिलिकॉन घातलं की धातू साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात वाहत जातो. मॅग्नेशियमनं कणखर होतो. तांब्यानं बळकट होतो पण लवकर गंजतो. हे सगळं तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि ज्या एका गोष्टीनं भाऊ वेळीच गोळ्यांकडे परत वळला असता ती तिला फोन करून विचारायला इतके आठवडे लागले, कारण बुडबुडा म्हणजे नापास, यापलीकडे तिनं कधी विचारच केला नव्हता.

त्याच दिवशी ती धाकट्याकडे धावली. तो उशांना टेकून बसला होता. तिनं सगळं सांगितलं, हायड्रोजन, कॅल्शियम, दाट धातू. त्यानं डोळे मिटून ऐकून घेतलं.

"पुस्तकात असेल," तो म्हणाला. "करून दाखव. बाबानं करून दाखवलंय."

त्याचं तसं चुकलंही नव्हतं. सरांनी भुकटीची छोटी बाटली पाठवली, कॅल्शियमही मिळवून दिलं, आणि ताईनं जेवणाच्या सुट्टीत मूस तापवायला सुरुवात केली. पण वाचणं वेगळं आणि हाताला वळण लागणं वेगळं. कॅल्शियम न घालता केलं तर टपालवाल्याची चकती तयार व्हायची, ती सोपी होती. पण तरंगणारी काही केल्या होईना. कॅल्शियम कमी पडलं की फेस वर यायचा आणि डोळ्यांदेखत बसायचा. जास्त झालं की धातू इतका घट्ट व्हायचा की भुकटी नीट मिसळायचीच नाही, नुसत्या गुठळ्या. प्रत्येक फसलेल्या मुशीगणिक तिला वाटायचं, आज आणखी एक दिवस त्यानं गोळी घेतली नाही.

असंच एकदा ती गुठळ्या खरवडत असताना मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. भट्टीतात्या होता.

"धातू जास्त तापवतेस," तो म्हणाला. "भुकटीचा वायू तू ढवळेपर्यंत निघून जातो. आच कमी कर, थोडा गार झाला की टाक."

"तुम्हाला कुणी सांगितलं मी काय करते ते?"

"तुझ्या भावजयीनं." तात्यानं चष्मा काढून पुसला. "मी शंभर टक्के म्हणालो होतो ना गं त्या दिवशी. माझ्या शब्दावर त्यानं नव्या गोळ्या आणल्या नाहीत."

ताईला त्याला बोलायचं होतं, बरंच काही. पण म्हातारा हात पुढे करून सळई मागत होता. तिनं ती दिली.

दोघांनी मिळून केलेली चकती तरंगली, तेव्हा दोघांपैकी कोणीही हसलं नाही. सुट्टीच्या दिवशी फाउंड्रीच्या आवारात सगळ्यांसमोर प्रयोग करायचा असं ठरलं. मॅनेजरनं कुरकुरत परवानगी दिली. तात्या स्वतः जाऊन बाबालाही बोलावणं देऊन आला, आणि एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं बाबाला परवडणारं नव्हतं.

बाबा शिष्यांचा लवाजमा घेऊन आला. गोदामात मावली नसती एवढी माणसं आवारात जमली. धाकट्याला खुर्चीत बसवून आणलं होतं; तो आता दोन पावलांतच दमायचा, आणि बायको त्याच्या तोंडाशी धरलेला रुमाल पटकन मुठीत लपवायची.

"बाबा," ताई म्हणाली, "भट्टी आमची, धातू आमचा, भुकटी तुमची. श्वास तुम्हाला हवा त्याचा घ्या. फक्त ती खड्यांची डबी माझ्या हातात राहील."

"श्रद्धा दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, मुली."

"श्रद्धा तुमच्याकडेच ठेवा. खडे द्या."

लोक हसले. बाबानं आभाळाकडे पाहिलं, खोल श्वास घेतला आणि नाक मुरडलं. "इथली हवा जड आहे. इथे संशयाचा धूर आहे. अशा हवेत धातू गुदमरतो."

"धातू इथेच जन्माला आलाय हो," तात्या म्हणाला. "त्याला सवय आहे."

बाबा काही केल्या डबी द्यायला तयार होईना. मग ताईनं त्याचा नाद सोडला. तिनं सरांनी पाठवलेली भुकटीची बाटली काढली आणि दोन मुशी मांडल्या. पहिलीत काहीच मिसळलं नाही. तिच्यावर फुंकर मारायला तिनं टपालवाल्याच्या धडधाकट पोरीला बोलावलं. ही पोर शाळेत धावण्यात नेहमी पहिली यायची. भुकटी पडली, धातू गुरगुरला, बसला, चकती तळाला गेली. पोरीचा चेहरा पडला, तेव्हा ताईनं तिला जवळ घेतलं. "तुला काही झालेलं नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी यात कॅल्शियम घातलं नव्हतं, एवढंच झालंय."

दुसऱ्या मुशीत तात्यानं कॅल्शियमचे रुपेरी खडे टाकले आणि ढवळायला घेतलं. दहा मिनिटं. प्रवचन नसल्यामुळे ती फार लांबली, आणि लोकांना पहिल्यांदाच कळलं की आपण गोदामात एवढा वेळ कशाची वाट बघत होतो. "आता श्वास कुणाचा?" कोणीतरी विचारलं. ताईनं भिंतीला टेकवलेला सायकलचा पंप उचलला, नळीला लावला आणि दट्ट्या दाबला. भुकटी पडली. धातू फुगत फुगत मुशीच्या काठावर आला.

"या पंपाची छाती अगदी ठणठणीत आहे," तात्या म्हणाला. चकती पाण्यात पडून तरंगू लागली.

त्यानंतर मात्र हशा आवरेना. शिष्यांतले काही जणही खाली मान घालून हसत होते. त्या गोंधळात बाबा कधी निसटला ते कोणाला कळलं नाही. संध्याकाळी गोदामाला कुलूप होतं. पोलीस नंतर आले, पंचनामा झाला, वेताची टोपली सापडली. टोपली गोळ्यांनी काठोकाठ भरलेली होती.

पण ताईचं लक्ष हसणाऱ्यांकडे नव्हतं. ती धाकट्याजवळ जाऊन बसली. तो पाण्यातल्या चकतीकडे बघत होता.

"कॅल्शियम म्हणजे हाडांसाठी देतात तेच का गं?" त्यानं विचारलं.

"तेच."

"म्हणजे माझं त्यात काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं रे."

"मला वाटलं होतं, मी तो फुगवला," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी केलं असं वाटलं होतं." मग त्यानं बायकोच्या मुठीतला रुमाल काढून ताईपुढे धरला. त्यावर रक्त होतं. "दवाखान्यात ने मला, ताई."

ती त्याला त्याच दिवशी घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या आणि ताईला बाजूला बोलावलं. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांना आतले जंतू सरावले होते. आता वेगळी औषधं, जास्त कडक, जास्त काळ, आणि शरीरात ती सोसायची ताकद उरली होती का, हे त्यांना सांगता येत नव्हतं. "सुरुवातीचा कोर्स पुरा केला असता तर?" ताईनं विचारलं. डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

धाकट्यानं ती कडक औषधं एकही न चुकवता घेतली. उलट्या व्हायच्या, कानात आवाज घुमायचा, तरी तो तक्रार करायचा नाही. शेजारच्या खाटेवर नवीन रोगी आला की तो त्याला खुणेनं जवळ बोलवायचा आणि सांगायचा, बाबा रे, मळमळलं तरी गिळ. मला बघ आणि गिळ. बोलता बोलता त्याला धाप लागायची. एका दुपारी ताई त्याच्या पायाशी बसून सफरचंद कापत होती. तिनं फोड त्याच्यापुढे केली तेव्हा तो गेलेला होता. अगदी शांतपणे, तिच्यादेखत, आणि तिला कळलंही नाही. या गोष्टीचं तिला पुढे आयुष्यभर वाईट वाटत राहिलं.

आणि मग वस्तीत कुजबुज सुरू झाली. चकती तरंगत होती तोवर जगला की. हिनं सगळ्यांसमोर त्याची श्रद्धा मोडली आणि महिन्याभरात माणूस आटोपला. भेटायला येणाऱ्या बायका ताईकडे पाठ करून भावजयीशी बोलायच्या. जे आवारात पोट धरून हसले होते तेही आता, काही म्हणा, बाबाकडे काहीतरी होतं, असं म्हणू लागले. जिथे आपण चुकलो तिथून माणूस सरळ निघून जात नाही. जरा वळसा घालून पुन्हा तिथेच येऊन बसतो.

ताईनं काही दिवस हे ऐकून घेतलं. मग एकदा पाळी सुटल्यावर, माणसं दारातून बाहेर पडत असताना, ती फाटकाच्या आत वजनकाट्याच्या ओट्यावर चढून उभी राहिली. भाषणाची तिला सवय नव्हती. तिचा आवाज चिरकत होता.

"माझा भाऊ माझ्यामुळे गेला असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात," ती म्हणाली. "म्हणा. पण हा टपालवाला बघा." टपालवाला सायकल धरून गर्दीच्या कडेला उभा होता, तो परत कामावर जाऊ लागला होता. "याची चकती बुडाली, माझ्या भावाची तरंगली. दोघांना एकच रोग होता. यानं गोळ्या घेतल्या, त्यानं सोडल्या. बाकी काही फरक दोघांत नव्हता. मला मानू नका. बाबाला तर मानूच नका. तात्यालाही मानू नका, तोही चुकला होता, आणि मीही उशीर केला. कोणी काही दाखवलं तर त्याला विचारा, यातली एक गोष्ट काढून घेतली तर काय होईल? तेवढं काढून पुन्हा करून दाखव म्हणा. जो खरं सांगत असेल तो करून दाखवेल. जो हवा जड आहे म्हणेल त्याच्या दारातून परत या. आणि छाती दुखत असेल, खोकला जात नसेल, तर दवाखान्यात जा. गोळ्या पुऱ्या घ्या. त्या तिथे फुकट मिळतात. माझ्या भावालाही मिळत होत्या."

ती खाली उतरली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं खाली मान घालून तिच्या बाजूनं निघून गेली, आणि फाटक हळूहळू रिकामं झालं.

एक बाई तेवढी मागे राहिली होती. ताईनं तिला साच्यात ठेवायचे वाळूचे कोअर बनवणाऱ्या बायकांत पाहिलं होतं, पण कधी बोलणं झालं नव्हतं. तिनं पदर तोंडावर घट्ट धरला होता, आणि त्याआडून ती दोनदा खोकली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मीपण टोपलीत टाकल्या होत्या. घरी कोणाला माहीत नाही. आता गेले तर ओरडतील का?"

"ओरडतील," ताई म्हणाली. "मग गोळ्या देतील."

"तुम्ही याल का बरोबर?"

दवाखाना बंद व्हायला अजून थोडा वेळ होता. ताईनं तिच्या हातातला डबा आपल्या हातात घेतला आणि दोघी चालायला लागल्या. बाईला भरभर चालवत नव्हतं, म्हणून ताई तिच्या चालीनं चालत राहिली.